हेडिंगमध्ये ‘लोकानुनयी’ लिहू का?

पत्र

मी सांगली जिल्ह्यात एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक आहे. वय २९. एजन्सीची कॉपी इंग्रजीतून येते आणि तिच्यात दर दोन दिवसांनी ‘पॉप्युलिस्ट’ हा शब्द असतोच. सुरुवातीला मी ‘लोकप्रिय’ लिहायचो, तर मुख्य उपसंपादकांनी सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून ‘लोकानुनयी’ लिहितो. मध्यंतरी ‘लोकानुनयी योजनांचा तिजोरीवर भार’ असं हेडिंग दिलं. आईनं ते पान पाहिलं. तिला लाडकी बहीणचे पैसे येतात. त्यातून ती बीपीच्या गोळ्या आणते, बचत गटाचा हप्ता भरते. तिनं विचारलं, लोकानुनय म्हणजे काय? मी म्हणालो, मतांसाठी लोकांना खूश करणं. ती म्हणाली, ‘म्हणजे आम्ही विकले गेलो, असं छापलंस तू.’ तेव्हापासून तिनं आमचा पेपर उघडलेला नाही. बँकेतून निवृत्त झालेले मामा मात्र म्हणतात, हेडिंग बरोबर होतं, उलट ‘खैरात’ लिहायला हवं होतंस. हा शब्द खरंच बरोबर आहे का? वापरू की नको? आणि आईला काय सांगू? जमलं तर एक कॉलमात बसणारा पर्यायही सुचवा.

उत्तर

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा अपराधी वाटलं. ‘लोकानुनय’ मराठी डेस्कवर रुळवणाऱ्या पिढीत मीही आहे. अर्थसंकल्पाच्या संध्याकाळी टेलिप्रिंटरचा कागद हातात, पान सोडायला दहा मिनिटं, अशा वेळी कोश कोण उघडतो? कुणीतरी एकानं लिहिला, दुसऱ्यानं उचलला, आणि चाळीस वर्षांनी तो तुमच्या आईला लागला.

आधी आईचंच. तिला चुकीचं काही ऐकू आलेलं नाही. अनुनय म्हणजे मनधरणी. मनधरणी करणारा एक असतो आणि वळणारा दुसरा. हेडिंगमध्ये सरकारचा लोभ दिसतो तसा लोकांचा भोळेपणाही दिसतो, कधी कधी लाचारीसुद्धा. तुम्ही अर्थ नीट सांगितलात, तिनं त्यातून निघणारं नीट काढलं. तेव्हा ‘तसं म्हणायचं नव्हतं गं’ हे तिला सांगू नका. शब्दाला तसंच म्हणायचं होतं. तुम्हाला नव्हतं, एवढंच.

तुमच्या मुख्य उपसंपादकांचंही खरं आहे. ‘लोकप्रिय’ म्हणजे लोकांना आवडलेलं, आणि योजना जाहीर झाल्या दिवशी ती आवडली की नाही हे कुणाला ठाऊक? विद्यापीठातली मंडळी ‘लोकरंजनवाद’ लिहितात. त्याचीही गंमत आहे. कालिदास रघूविषयी म्हणतो की प्रजेचं रंजन करतो म्हणून त्याला राजा हे नाव शोभलं. म्हणजे आपल्याकडे रंजन हा राजाचा गुण होता. राजे गेले, मतदार आले, आणि तोच शब्द शिवी झाला. यावर एकदा कुणीतरी सवडीनं लिहायला हवं.

मूळ इंग्रजी शब्दही शिवी म्हणून जन्माला आलेला नाही. १८९० च्या आसपास अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्का आणि दक्षिणेकडचा शेतकरी मेटाकुटीला आला होता. गहू-कापसाचे भाव पडलेले, डोक्यावर कर्ज, आणि माल बाजारात न्यायचा तर रेल्वे कंपनी मागेल ते भाडं. या लोकांनी पीपल्स पार्टी काढली आणि पार्टीच्या माणसाला म्हणायचं काय, तर लॅटिन ‘पॉप्युलस’वरून ‘पॉप्युलिस्ट’. स्वतःच स्वतःला दिलेलं नाव. ४ जुलै १८९२ ला ओमाहा शहरात त्यांनी मागण्या मांडल्या: रेल्वे सरकारनं चालवावी, जास्त कमावणाऱ्यावर चढता आयकर लावावा, चांदीची नाणी मुबलक पाडावीत, सेनेटर लोकांनी थेट निवडावेत. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या जेम्स वीव्हरला दहा लाखांहून जास्त मतं पडली. पुढं पक्ष विरला, पण आयकर आणि सेनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये अमेरिकेच्या घटनेत गेल्या. आयकराची मागणी ही मूळ पॉप्युलिस्टांची मागणी होती, हे मामांना जेवताना सांगून बघा.

शब्दाचा रंग बदलला तो नंतर. १९५५ मध्ये रिचर्ड हॉफस्टॅटर या इतिहासकारानं या चळवळीची दुसरी बाजू काढून दाखवली: जुन्या दिवसांचं वेड, प्रत्येक संकटामागे कुणाचा तरी कट शोधण्याची खोड, परक्यांविषयीचा द्वेष. ती बाजू नव्हतीच असं नाही. जॉर्जियातला टॉम वॉटसन हा त्यांचा बडा नेता. सुरुवातीला तो गोऱ्या आणि काळ्या गरीब शेतकऱ्यांना सांगायचा की तुम्हाला वेगळं ठेवून दोघांनाही लुटलं जातंय. काही वर्षांनी तोच माणूस काळ्यांचा मताधिकार काढून घ्या म्हणू लागला. त्याच्या तोंडचा ‘लोक’ हा शब्द तोच राहिला, त्यातली माणसं कमी झाली. या वॉटसनला लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे शरद जोशी होऊन गेले. टपाल खात्यातले अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेती तोट्यात का जाते याचा हिशेब स्वतः मांडला. त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. चाकणचा कांदा, मग १९८० मध्ये नाशिकचं ऊस-कांदा आंदोलन, रस्ते अडवले, रेल्वे अडवली. त्यांची मांडणी तुम्हाला पाठ असेल: ‘भारत’ विरुद्ध ‘इंडिया’. कष्टणारा भारत एकीकडे आणि त्याला लुटणारी इंडिया दुसरीकडे. राज्यशास्त्राच्या कुठल्याही वर्गात ही मांडणी ठेवा, विद्यार्थी सांगेल, हा पॉप्युलिझम. प्रामाणिक जनता, लबाड वरचा वर्ग, आणि मधली रेघ.

पण जोशी वाटत काय होते? काहीच नाही! त्यांची घोषणा होती ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. सबसिडीला त्यांचा विरोध, खुल्या बाजाराला पाठिंबा. तुमच्या हेडिंगच्या अर्थानं पाहिलं तर हा माणूस लोकानुनयी अजिबात नव्हता, उलट शेतकऱ्यांना कडू बोलणारा होता. आणि मूळ अर्थानं पाहिलं तर महाराष्ट्रात त्यांच्याइतका पॉप्युलिस्ट क्वचितच कुणी झाला असेल. एकाच माणसावर शब्दाचे दोन अर्थ उलट्या दिशेनं धावतात, म्हणजे कुठेतरी आपणच एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत.

त्यांच्याच चळवळीतून डेस्कला मिळालेला एक धडा सांगते. संघटनेचे लोक ‘कर्जमाफी’ हा शब्द सहन करायचे नाहीत. माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला, असं विचारायचे आणि ‘कर्जमुक्ती’ लिहा म्हणायचे. आम्ही डेस्कवर त्याची चेष्टा केली होती. आज वाटतं, ती माणसं नेमकं तेच सांगत होती जे तुमची आई सांगतेय.

तर एका शब्दात कोंबलेल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे देणं: पैसे, धान्य, सवलत. दुसरी म्हणजे दावा: खरी जनता कोण हे मी ठरवणार, आणि तिच्या वतीनं बोलण्याचा मक्ता माझा. मराठीत ‘अनुनय’ आला आणि पहिली गोष्ट धरून बसला. दुसरीला आपल्याकडे नावच उरलं नाही.

पहिलीचं आधी बघू. मी डेस्कवर लागले तेव्हाच्या पहिल्या पगारपत्रकावर एक कपात होती, व्यवसाय कर. अकाउंट्समधल्या काकांना विचारलं हे काय. ते म्हणाले, ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली ना लोकांनी, ती मजुरी तुम्ही देताय.’ शब्दशः नाही, पण खरं होतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तुमच्याच जिल्ह्यात तासगावकडे मागेल त्याला काम द्यायच्या ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, ती दुष्काळात राज्यभर गेली आणि रोजगार हमी झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ च्या कायद्यानं शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला. तुमच्या पगारातूनही महिन्याला २०० रुपये जात असतील, फेब्रुवारीत ३००. काढून बघा पावती. तेव्हाही आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते, ते रोजगार हमीला ‘खड्डे खणा, खड्डे बुजवा योजना’ म्हणायचे. २००५ मध्ये केंद्रानं देशभरासाठी तसाच कायदा केला तेव्हा ते निवृत्त झाले होते, नाहीतर त्यांच्याकडूनच अग्रलेख लिहून घेतला असता.

तामिळनाडूत सिनेनट असलेले मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये शाळेतलं जेवण मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, तेव्हा नटाचा मतांसाठीचा खेळ म्हणून नाकं मुरडली गेली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण सगळ्या राज्यांत द्या असा आदेश दिला. देणं वाईट की चांगलं हे त्याच्या नावावरून ठरत नाही, एवढंच यातून घ्या.

नाव कसं ठरतं ते मात्र बघण्यासारखं आहे. २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडलं, असं सरकारनंच सांगितलं. डेस्कवरचा शब्द: ‘बूस्टर’. फेब्रुवारी २०२५ मध्ये १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न आयकरातून सुटलं, सुमारे १ लाख कोटी सोडले. शब्द: ‘मध्यमवर्गाला दिलासा’. लाडकी बहीणचा जाहीर झालेला अंदाज वर्षाला ४६ हजार कोटी. शब्द: तुमचा. मामांचा तर त्याहून पुढचा. मामांना दिलासा मिळतो, त्यांच्या बहिणीला खैरात. घरातल्या घरात एवढा फरक!

आता मी त्या योजनेची वकिली करतेय असं समजू नका. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा. २८ जूनला अर्थसंकल्पात १५०० रुपयांची घोषणा. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. प्रचारात एका बाजूनं २१०० चं आश्वासन दिलं, दुसऱ्या बाजूनं ३००० चं. अर्ज घाईनं घेतले, छाननी निवडणुकीनंतर, आणि पुरुषांच्या नावेही पैसे गेल्याचं मग उघड झालं. यात राजकारण होतं हे सांगायला ‘लोकानुनय’ लागत नाही, तारखा पुरतात. आणि तारखा लिहिल्या की डोळा कुणाचा कशावर होता हे कळतं, घेणाऱ्या बाईला काही लागत नाही. तिच्या हक्काचे पैसे होते, तिनं घेतले. मत कुणाला दिलं ते तिचं तिला माहीत.

भार आहेच. ४६ हजार कोटी कुठून तरी येणार, कुठला तरी रस्ता, कुठली तरी भरती, कुठल्या ठेकेदाराचं बिल थांबणार. ही बातमी आहे आणि ती तुम्ही करायलाच हवी. गंमत अशी की ‘लोकानुनयी’ लिहिलं की ती करावी लागत नाही. विशेषण दिलं, काम झालं. कशाचे पैसे वळवले, किती कर्ज काढलं, हे शोधायला मंत्रालयातल्या बातमीदाराला फोन करावा लागतो.

आता दुसरी गोष्ट, जिला नाव उरलं नाही. १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी ‘गरिबी हटाओ’ म्हणत ३५२ जागा आणल्या. त्याआधी बँकांचं राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे बंद करणं, दोन्ही सर्वोच्च न्यायालयानं अडवलं होतं. ते निकाल चूक की बरोबर यावर वाद घालता येईल. पण हळूहळू मांडणी अशी झाली की गरिबांच्या आणि त्यांच्या नेत्याच्या मध्ये न्यायालय उभं आहे. एप्रिल १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ ‘इंदिरा म्हणजेच इंडिया’ म्हणाले. जून १९७५ ला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. यातल्या कुठल्याही टप्प्यावर महिलांच्या खात्यात पैसे पडले नव्हते. तरीही हाच तो पॉप्युलिझम, ज्याची भीती बाळगायची.

हंगेरीत तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान २००२ ची निवडणूक हरले तेव्हा म्हणाले होते, मातृभूमी विरोधी पक्षात बसू शकत नाही. वाक्य नीट वाचा. आपण हरलो असं ते म्हणतच नाहीत. २०१० मध्ये दोन-तृतीयांश जागा घेऊन परतले, नवी घटना केली, न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं म्हणजे ज्येष्ठ मंडळी एका फटक्यात घरी. युरोपीय न्यायालयानं २०१२ मध्ये ते नियमबाह्य ठरवलं, तोवर बरंच उरकलं होतं.

वॉटसन आठवतो का? ‘लोक’ मधून आधी काळे गेले. ओर्बानच्या ‘मातृभूमी’तून विरोधी मतदार गेले. दाव्याचं कामच असं आहे. जो विरोध करेल तो लोकांतला नाहीच, बाहेरचा, विकला गेलेला, द्रोही. तुमच्या डेस्कवर हे आठवड्याला येत असेल: ‘आमच्या नेत्यावरची टीका हा महाराष्ट्राचा अपमान’. कुठल्या पक्षाचं पत्रक आहे हे सांगत नाही, तुम्ही फाइल काढलीत तर बहुतेक सगळ्यांची सापडतील. ते वाक्य आपण अवतरणात टाकतो, एक कॉलमात लावतो आणि विसरतो. लोकानुनयी मात्र १५०० रुपयांना म्हणतो. ट्रेडल छपाईच्या काळात मोठ्या मथळ्यासाठी लाकडी टाइप वेगळ्या खणात ठेवायचे. फोरमन तो सहसा काढू द्यायचा नाही. रोज पाणीकपातीला तो वापरलात तर ज्या दिवशी खरंच काही घडेल त्या दिवशी काय काढणार, असं विचारायचा. आपण तो खण रिकामा करून बसलोय.

आणि मामांच्या ‘खैराती’चं. हा शब्द आईसारख्या लाखो बायका ऐकतात. त्या गप्प बसतात, वाद घालत नाहीत. मग कुणीतरी स्टेजवर उभा राहून म्हणतो, ‘बघा, हे पेपरवाले, हे बँकवाले तुम्हाला भिकारी समजतात, तुमचा माणूस फक्त मी.’ त्याला हे वाक्य कुणी पुरवलं? त्याच्या भाषणाचा कच्चा माल आपल्या हेडिंगमधून जातो. खऱ्या पॉप्युलिस्टाला सगळ्यात जास्त मदत होते ती त्याच्या तुच्छतावादी टीकाकारांची, हे माझं ठाम मत झालंय.

तेव्हा काय करायचं. देण्याच्या बातमीत हे विशेषण घालू नका, किती, कुणाला, कधीपासून आणि कुठून एवढं लिहा. एजन्सीच्या कॉपीत कुणा अर्थतज्ज्ञानं ‘पॉप्युलिस्ट’ म्हटलं असेल तर त्याच्या तोंडी ठेवा, अवतरणात, आपल्या तोंडी नको. नेता जेव्हा निवडणूक आयोग, न्यायालय, विरोधी मतदार यांना जनतेचे शत्रू ठरवतो, तेव्हा खुशाल ‘पॉप्युलिस्ट’ लिहा, देवनागरीत, आहे तसाच. बजेट आणि सिलिंडर पचवले तसा हाही वाचक पचवेल, आणि त्याला अनुनयाचा वास नाही. मुख्य उपसंपादक कुरकुर करतील. त्यांना हे उत्तर दाखवू नका, दोन हेडिंगं लिहून दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या. डेस्कवर तत्त्वज्ञान चालत नाही, हेडिंग चालतं.

आईला सांगायचं ते थोडक्यात सांगा: शब्द माझा चुकला, आकडा चुकला नव्हता. मग तो आकडा तिच्यासमोर ठेवा. बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला जमाखर्च समजावून सांगावा लागत नाही. ४६ हजार कोटी कुठून आणायचे हे तिलाच विचारा, तुमच्या पगारपत्रकावरचे २०० रुपयेही दाखवा. मामा घरी असतील तेव्हा विचारलंत तर आणखी बरं, त्यांच्या वाचलेल्या आयकराचाही विषय निघेल.

आणि एक कॉलमात बसणारा पर्याय मागितला होतात. ‘दरमहा १५००, पैसे कुठून?’ बसतं. मोजून पाहिलंय.